भीती वाटते, मग फायरमन होऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक २१ वर्षांचा आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. दहावीला ६१ टक्के, बारावी कला शाखेतून. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. आता त्याला अग्निशमन दलात जायचंय. तालुक्याच्या गावी एका खाजगी संस्थेने ‘फायर अँड सेफ्टी’च्या एक वर्षाच्या डिप्लोमाची फी ८५ हजार सांगितली आहे आणि ‘शंभर टक्के सरकारी नोकरी’ म्हणून हमी दिली आहे. वडील दोन गाई विकायला तयार आहेत. आईचा ‘आगीत उडी घ्यायच्या’ नोकरीला विरोध आहे. त्याची उंची १६८ सेंटिमीटर. घरी न सांगितलेली गोष्ट अशी, की गावच्या पाण्याच्या टाकीची शिडी चढताना त्याचे पाय लटपटतात आणि तोंडावरून गोधडी घेतली तर जीव घुसमटतो. “ताई, मित्र म्हणतात फायरमनला भीती ठाऊकच नसते. मी तर घाबरट आहे. एवढे पैसे घालून उपयोग होईल का?”

उत्तर:

गाई विकू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नका.

तुझ्या पत्रात भीतीवर दीड पान आहे आणि त्या डिप्लोमावर जेमतेम चार ओळी. मला ते उलटं असायला हवं होतं. भीती वाटत असताना काम कसं करायचं, हे शिकवायला प्रशिक्षण केंद्रात पगारी माणसं आहेत. चुकीचा दाखला हातात आल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. म्हणून आधी दाखल्याचं बघू, मग टाकीच्या शिडीकडे येते.

महाराष्ट्रात महापालिकेचा फायरमन व्हायच्या ढोबळमानाने दोन वाटा आहेत. मुंबई महापालिका आधी भरती करते आणि निवड झालेल्यांना मग स्वतःच्या केंद्रात शिकवते. तिथे जाताना आगीचं काही शिकून जावं लागत नाही. इतर बऱ्याच महापालिका आणि नगरपरिषदांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना शिकून आलेला उमेदवार लागतो आणि ‘शिकून’ म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट: राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम. हे केंद्र महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं, मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्याच्या विद्यानगरीत. पुणे महापालिकेने २०२३ मध्ये फायरमनची जाहिरात काढली, तेव्हा पात्रतेच्या रकान्यात दहावी, हा सहा महिन्यांचा कोर्स आणि एमएस-सीआयटी अशी मागणी होती. केंद्राचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता मला सांग, ८५ हजारांचा तुझा डिप्लोमा या वाक्यात कुठे बसतो?

कदाचित बसेलही. ते मी इथे बसून ठरवणार नाही, तूच ठरव. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या चार वेगवेगळ्या महापालिका-नगरपरिषदांच्या फायरमनच्या जाहिराती डाउनलोड कर, ‘शैक्षणिक अर्हता’ या ओळीखाली पेनाने रेघ मार आणि त्या झेरॉक्स घेऊन संस्थेत जा. विचार, “सर, तुमचं सर्टिफिकेट यातल्या कुठल्या ओळीत धरतात?” उत्तर लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी माग. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे कुठली, कायम की ठेकेदाराकडची, आणि लागली नाही तर फी परत की नाही, हेही त्याच कागदावर येऊ दे. मागच्या बॅचच्या तीन मुलांचे नंबर माग आणि संस्थेबाहेर येऊन त्यांना फोन कर. या सगळ्याला साहेब हसतमुखाने तयार झाले, तर पुढचं बोलू. “एवढा अविश्वास असेल तर राहू दे” असं म्हणाले, तर निरोप घे आणि एसटी पकड.

एक खुलासा करते, नाहीतर दुसरे वाचक रागावतील. असे डिप्लोमे सगळेच टाकाऊ नसतात. मॉल, मोठी रुग्णालयं, गोदामं, उंच इमारती यांना आगीची यंत्रणा सांभाळणारी माणसं लागतात. आपल्याकडच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. त्या एजन्सींकडे आणि सोसायट्यांकडे काम मिळतं. ते प्रामाणिक काम आहे, पण ते बंबावरचं काम नव्हे. कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर हे आणखी तिसरंच पद. त्याला औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते आणि तिला प्रवेश घ्यायलाच आधीचं तांत्रिक किंवा विज्ञानाचं शिक्षण लागतं. ‘फायर अँड सेफ्टी’ या तीन शब्दांत ही तिन्ही दुकानं एकाच पाटीखाली मांडलेली असतात आणि खेड्यातून आलेल्या पोराला ती एकच वाटतात.

आता तुझं वय. संचालनालयाच्या सहा महिन्यांच्या कोर्सला आजवरच्या जाहिरातींत खुल्या गटासाठी १८ ते २३ अशी वयाची अट राहिली आहे, शिवाय दहावीला किमान ५० टक्के. तू २१ चा आहेस. तो डिप्लोमा तुझं एक वर्ष खाणार आणि मग तू या दाराशी येशील तेव्हा ते लागायला आलेलं असेल. ८५ हजार परत मिळवता येतात रे, कसेबसे का होईना. हे वर्ष नाही मिळणार. संचालनालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाची नवी जाहिरात कधी येते यावर डोळा ठेव आणि ती पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाच. तुझ्या गटाला वयात सवलत आहे का, तेही तिथेच कळेल.

उंचीचा तिढा असा. २०२३ च्या सुरुवातीला दहिसरच्या मैदानावर मुंबईची जी मोठी भरती झाली, तिच्यात पुरुषांना १७२ सेंटिमीटर उंची हवी होती. तू १६८. म्हणजे तो नियम असाच राहिला तर मुंबई तुझ्यासाठी बंद. राज्याच्या कोर्सला आणि पुण्यासारख्या ठिकाणी १६५ चालते, तिथे तू आरामात आत. एकाच राज्यात, एकाच आगीला, सात सेंटिमीटरचा फरक. मला ही अट फारशी पटत नाही. पण मला पटलं नाही म्हणून टेप काही आखूड होत नाही. वय २१ झाल्यावर लटकून-बिटकून उंची वाढवून देणारे जे कोणी भेटतील, त्यांनाही एक रुपया देऊ नकोस. घरच्या मोजपट्टीवरही विसंबू नकोस. सरकारी दवाखान्यात सकाळच्या वेळी, अनवाणी उभं राहून नीट मोजून घे, छातीसकट. ८१ सेंटिमीटर आणि फुगवून ८६, ही जोडी बहुतेक जाहिरातींत दिसेल.

आता तुझं दीड पान.

‘फायरमनला भीती ठाऊकच नसते’ असं म्हणणारे तुझे मित्र कधी बंबावर चढलेले दिसत नाहीत. ज्याला खरोखरच भीती वाटत नाही, त्या पोरावर शिक्षकांचं लक्ष जास्त असतं, कारण तो हुकूम सुटायच्या आधी धावतो. मूलभूत प्रशिक्षणाचे सहा महिने कशात जातात ते बघ, म्हणजे कळेल. पहाटेची पीटी आणि परेड तुला पोलीस भरतीमुळे नवी नाही. त्यानंतर येतो होज ड्रिल, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या पाइपचा सराव. ६३ मिलिमीटरच्या होजची गुंडाळी एका झटक्यात सरळ रेषेत उलगडायची. तिच्या एका टोकाला मेल कपलिंग (जोडाचं तोंड), दुसऱ्याला फीमेल. कुठलं तोंड पंपाकडे आणि कुठलं आगीकडे, हे उलगडायच्या आधी हाताला कळलं पाहिजे, नाहीतर अख्खी लांबी फिरवत बसायची वेळ येते. कपलिंग बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकायचा, तरी एकदा ओढून बघायचं, मग ब्रॅन्च, म्हणजे पाण्याची धार सोडणारी तोटी, लावायची, पाय रोवून उभं राहायचं आणि तेव्हा कुठे हात वर करून ‘वॉटर ऑन’ म्हणायचं. हे आधी म्हटलंस तर भरलेल्या होजची ब्रॅन्च हातातून सुटून सापासारखी फटके मारते, हाडं मोडते. हेच दिवसाला इतक्यांदा करून घेतात, की पोरं कंटाळतात, आणि तोच तर बेत आहे. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हे मान्य करूनच हे ड्रिल बसवलेलं आहे. डोकं थांबलं तरी हात चालले पाहिजेत. प्रत्येकाला नंबर असतो आणि नंबराप्रमाणे काम ठरलेलं असतं. ‘आता मी काय करू?’ हा प्रश्नच तिथे शिल्लक ठेवत नाहीत.

टाकीच्या शिडीचंही तेच. गावच्या टाकीवर तू एकटा चढतोस, लोखंड गंजलेलं, खाली कोणी नाही. पाय लटपटले नाहीत तरच मला काळजी वाटली असती. शिडी ड्रिलमध्ये एक जण शिडीच्या बुडाशी पाय देऊन उभा असतो. हात कुठे, नजर कुठे, पायरीत पाय अडकवून दोन्ही हात मोकळे कसे करायचे, हे आधी कमी उंचीवर आणि मग वर, असं चढत्या क्रमाने शिकवतात. मुंबईच्या त्या भरतीत १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या कापडात, उडी होती. मुंबई तुझ्यासाठी बंद राहिली तरी उंचावर चढण्याची काही ना काही परीक्षा होणारच असं धरून चाल.

गोधडीची गोष्ट मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. आगीत जाताना फायरमन बी.ए. सेट घालतो: पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर घट्ट मास्क. गोधडीत आपलाच सोडलेला श्वास आपल्याला परत मिळतो, मास्कमध्ये सिलिंडरमधली स्वच्छ हवा येते, हा फरक आहेच. पण सरावाच्या खोलीत धूर भरलेला असतो, डोळ्यांना काही दिसत नाही, कानात फक्त स्वतःचा श्वास. भिंतीचा आधार सोडायचा नाही. पाय उचलायचा नाही, घासत पुढे सरकवायचा आणि वजन मागच्या पायावर ठेवायचं, कारण पुढे जमीन असेलच असं नाही. मोकळा हात समोर फिरवायचा तो पालथा, बोटांची मागची बाजू पुढे. उघडी वायर लागली तर झटक्याने मूठ मिटते. तळवा पुढे असेल तर वायर मुठीत अडकते, पालथ्या हाताची मूठ मिटली तर हात आपसूक मागे येतो. सिलिंडर भरलेला असताना हवेच्या दाबाचा काटा ३०० बारवर असतो. तो पंचावन्नच्या आसपास उतरला की शिट्टी वाजायला लागते. पण शिट्टीची वाट बघणारा शहाणा नव्हे, तिच्या आधी दाराबाहेर असायचं. घाबरून धापा टाकणारा माणूस तीच हवा फार लवकर संपवतो. म्हणून या खोलीत पहिल्यांदा शिकवतात ते श्वास घ्यायला.

हे वाचताना तुझ्या छातीत धडधडलं का? थोडं धडधडणं ठीक, बहुतेकांचं होतं आणि सरावाने उतरतं. पण लिफ्टमध्ये, भरलेल्या एसटीत, एमआरआयच्या नुसत्या कल्पनेनेही घाम फुटत असेल, हात बधिर होत असतील, ‘आत्ताच्या आत्ता बाहेर पडलो नाही तर मरेन’ असं वाटत असेल, तर तो घाबरटपणा नव्हे, बंद जागेच्या भीतीचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. तोवर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. हे आत्ता कर, कोर्सला जाऊन नव्हे. आणि काहीही झालं तरी लपवून आत शिरू नकोस. धुरात कधीच एकट्याला पाठवत नाहीत, जोडीने पाठवतात. तू आत मास्क ओढून काढलास, तर तुझ्याबरोबर तुझा जोडीदारही अडकतो.

स्वतःला अजमावायला ८५ हजार लागत नाहीत. जवळच्या शहरात नागरी संरक्षण दल असेल तर त्यांचं मूलभूत प्रशिक्षण घे, त्यात बचावकार्य आणि आग विझवण्याची तोंडओळख होते. दोराच्या मल्लखांबाचा आखाडा असेल तर तिथे जा. दोरावर चढणं, उंची आणि पकड, तिन्ही एकदम घासून निघतात. पोलीस भरतीमुळे तुझं १६०० मीटर पक्कं आहे, म्हणजे छाती तयार आहे. पण खांदे आणि मुठी तयार नाहीत, पैज लावते. भरतीत माणसाच्या वजनाचा डमी खांद्यावर घेऊन पळावं लागतं. कांद्याची गोणी आधी अर्धी भर, पाठ ताठ ठेवून गुडघ्यातून उचल, महिन्याभराने वजन वाढव. पहिल्याच दिवशी पन्नास किलो उचलून कंबर धरून बसू नकोस. विहिरीत पोहता येत नसेल तर तेही शिक.

आणि एकदा फायर स्टेशनच्या आत जाऊन ये. १४ एप्रिलपासून आठवडाभर सगळीकडे अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे कितीतरी जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात अनेक केंद्रांवर प्रात्यक्षिकं होतात, सामान हातात घेऊन बघू देतात. एखाद्या तांडेलाशी (फायरमनच्या वरचा हुद्दा) किंवा जुन्या फायरमनशी चहावर बोल. त्यांना शौर्याचं विचारू नकोस, ड्यूटीचं विचार. मोठ्या आगी कमीच असतात असं ते सांगतील. रोजच्या वर्द्या, म्हणजे मदतीसाठी येणारे निरोप, असे: पडलेलं झाड, लिफ्टमध्ये अडकलेली आजी, मांजात गुरफटलेली घार, विहिरीत पडलेलं जनावर, गॅसचा वास. या कामात तुझा जीव रमणार असेल, तर पुढे जा. फक्त ज्वाळांचा व्हिडिओ डोक्यात असेल, तर पहिल्या पावसाळ्यातच कंटाळशील.

आईला काय सांगायचं? ‘काही होत नाही’ असं सांगू नकोस. ते खोटं आहे आणि तिला ते कळतं. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीची आग विझवताना इमारत कोसळली आणि दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकरही होते. त्या चौघांत कुणी नवखा नव्हता. हा धोका या नोकरीतून वजा करता येत नाही. पण आईच्या डोळ्यांसमोर ‘आगीत उडी’ आहे, तिला ड्रिल दिसलेलं नाही. तिला प्रात्यक्षिकाला घेऊन जा. मुलगा तिथे आगीत उड्या मारायला जाणार नाही, सांगितलेल्या जागी पाय रोवून उभा राहायला जाणार आहे, हे तिला तिथे दिसेल. त्यानंतरही ती ‘नको’ म्हणाली, तर तिचं ऐकायचं की नाही हे तुझं तू ठरव. एकविसाव्या वर्षी तेवढा हक्क तुला आहे.

पदवी मात्र सोडू नकोस. बारावीनंतर तू नुसता भरतीच्या मागे आहेस असं पत्रावरून दिसतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीएला नाव घाल. पदवी झाली की संचालनालयाचाच वर्षभराचा उपस्थानक अधिकाऱ्याचा कोर्स आहे, आणि नागपूरला केंद्र सरकारचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, तिथेही अधिकारी घडवणारे कोर्स चालतात. दोन्हींना वयाची अट आहे, तेव्हा तिकडेही वेळेत बघ. फायरमनचं जमलं नाही तरी बीए वाया जाणार नाही.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी दोन ओळी, कारण अशी पत्रं मुलींचीही येतात आणि त्यात ‘मुलींना घेतात का’ हाच पहिला प्रश्न असतो. घेतात. नागपूरच्या त्याच महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये दाखल झाल्या आणि देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक ठरल्या. मुंबईच्या २०२३ च्या भरतीत मुलींसाठी उंची १६२ होती. उंची मोजण्यावरूनच तिथे मुलींनी आंदोलन केलं होतं, तेव्हा सरकारी दवाखान्यातून उंची मोजून घेतलेला कागद जवळ असू दे.

आणि तुला शेवटचं, पत्रलेखका. वडिलांना त्या जाहिरातींच्या झेरॉक्स संध्याकाळी दूध घालून आल्यावर दाखव, रेघ मारलेल्या ओळीसकट. गाई विकायचा बेत त्यांचा आहे, तेव्हा तो मोडायचा मानही त्यांनाच दे. एमएस-सीआयटीचं तू पत्रात काही लिहिलेलं नाहीस. झालं नसेल तर याच महिन्यात नाव नोंदव.